जामीनदाराचा सत्कार

शनिवार, १ फेब्रुवारी

पंचवीस जण येणार होते, अकरा आले. त्यातले दोघे चहानंतर निघून गेले.

संस्थेचा समन्वयक अपूर्व म्हणतो की प्रत्येक सत्रानंतर प्रशिक्षकाने ऑनलाइन फॉर्म भरायचा. काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, वगैरे. मर्यादा दोनशे शब्दांची. दोनशे शब्दांत मी अध्यक्षांचे आभारही मानून संपवत नाही. म्हणून ही वही. फॉर्ममध्ये सभ्य लिहायचं, इथे खरं.

अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे: 'न्यायव्यवस्था सुधारणा, कार्यकर्त्यांचे व्यावसायिक प्रशिक्षण'. अकरा शनिवार, ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या सभागृहात. कोर्टाने जामीन दिला तरी हमी घेणारा जामीनदार मिळत नाही म्हणून हजारो माणसं आतच राहतात. त्यांना बाहेर काढणारे कार्यकर्ते तयार करायचे आहेत. मी चौतीस वर्षं कायदा शिकवला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी व्याख्यानमाला नसेल जिथे मी या विषयावर बोलले नाही. तेव्हा मला बोलावलं यात नवल नाही. नवल याचं की इतकं बोलूनही त्या आतल्या माणसांत एकाचीही घट झालेली मला ठाऊक नाही. जाऊ दे.

आज 'स्वातंत्र्य ही मेहेरबानी नव्हे' या विषयावर दीड तास बोलले. सभागृह स्तब्ध होतं. मग म्हटलं, विचारा प्रश्न. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. भावना नाव. दिवा स्टेशनपलीकडच्या गावातली, आगरी घरातली, दिव्यात झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे सरकारी फॉर्म भरून देते.

"बाई, जामीनदाराच्या रेशनकार्डावर जुना पत्ता असला तर कोर्ट चालवून घेतं का?"

मी माणसाच्या मुक्तीबद्दल बोलत होते आणि हिला रेशनकार्ड पडलं होतं. मी म्हटलं, तपशील नंतर येतील, आधी दृष्टी येऊ दे. ती "बरं" म्हणून बसली आणि वहीत काहीतरी खोडलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अपूर्वच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक तुकडीने एक जिवंत प्रकरण हाती घ्यायचं. आमच्या वाट्याला जगन आला आहे.

जगन दिव्यात राहतो, म्हणजे राहत होता. एका बांधकामावर रखवालदार. गेल्या ऑगस्टमध्ये तिथून तांब्याची केबल चोरीला गेली. कंत्राटदाराने तक्रारीत याचं नाव घातलं. जानेवारीत जामीन मंजूर झाला. अट एकच, एक ऐपतदार जामीनदार. गाव जालन्याकडे, इथे ओळखीचं कोणी नाही. जामीनदार नाही, म्हणून माणूस आत. चोरी केली की नाही हे कोणी ठरवलेलंच नाही. तरी सहा महिने गेले.

त्याची बायको शेवंती आज वर्गात आली होती. तिला समोर बसवून मी चाळीस मिनिटं बोलले. 'या स्त्रीच्या डोळ्यांतला प्रश्न हा आपल्या व्यवस्थेला विचारलेला प्रश्न आहे', इथे दोघींनी डोळे पुसले. शेवंती मात्र छताच्या पंख्याकडे बघत होती. बोला काही, म्हटल्यावर म्हणाली, "आता तो मुलाखतीला येत नाही. मी जाते, चिठ्ठी देते, बसते. तो आतून नाही म्हणून सांगतो."

मग खाली बघत म्हणाली की दर वेळी अर्धा दिवस बुडतो त्याचं काही नाही. त्याने बोलणंच सोडलंय की काय, याची तिला भीती वाटते.

वर्गात रतन म्हणून एक निवृत्त हवालदार आहेत. ते म्हणाले, आतला माणूस मुलाखत नाकारायला लागला की लवकर काहीतरी करावं लागतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'जगन' लिहिलं आणि सांगितलं, हा अभ्यासक्रम संपायच्या आत हा माणूस बाहेर आला पाहिजे. टाळ्या झाल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

भावना सलग दुसऱ्या शनिवारी साडेतीनला उठून गेली. तिच्याबरोबर रतन हवालदारही. गेल्या वेळी ती माझ्या बोलण्याच्या ऐन भरात फोनवर काहीतरी टाइप करत होती. आज मी तिला सगळ्यांसमोर विचारलं की या वर्गापेक्षा महत्त्वाचं असं दिव्यात काय आहे.

"शेवंती चारला कामावरून सुटते, बाई."

मी म्हटलं, शेवंतीला सहानुभूती दाखवणं सोपं आहे, तिच्यासाठी विचार करणं अवघड आहे. विचार करायला बसावं लागतं. भावनाने चप्पल घातली आणि गेली. हजेरीपत्रकात मी तिच्या नावापुढे अर्धी हजेरी मांडली.

घरी येऊन मधुला सांगितलं. माझा नवरा बँकेतून निवृत्त झाल्यापासून चार वाक्यांच्या वर बोलत नाही. तो म्हणाला, "मंदा, ती दर शनिवारी दिव्याला जाऊन करते तरी काय?"

मी म्हटलं मला काय ठाऊक. तो म्हणाला, "विचारलंस का?"

मी विचारलं होतंच की. सगळ्यांसमोर.

शनिवार, ८ मार्च

आज आनंदाची गोष्ट. जामीनदार मिळाला.

भावनाचे चुलतकाका राघो. दिव्यातल्या ज्या चाळीत शेवंती भाड्याने राहते ती यांचीच. आजोबा मिठागरावर राबले, यांच्या पिढीत जमिनीला भाव आला. चाळ, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं चोख. माणूस जगनला ओळखतो. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये अर्जही गेला म्हणे. भावनाने हे सगळं सत्र संपल्यावर, खुर्च्या रचता रचता सांगितलं. दुसऱ्या कोणी वर्गात उभं राहून सांगितलं असतं.

मी विचारलं, राघोंना कोणता मुद्दा पटला? निर्दोषत्वाचं गृहीतक, की समाजाची सामूहिक जबाबदारी?

"मुद्दा असा काय नाय, बाई. तीन शनिवार त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते गणपतीच्या वर्गणीचं बोलायचे, आम्ही ऐकायचो. गेल्या शनिवारी आपणच म्हणाले, कधी यायचं कोर्टात ते सांग."

ही मुलगी हुशार आहे, पण आपण काय साधलं हे तिला शब्दांत मांडता येत नाही. तिला वक्तृत्वाची गरज आहे.

कोर्टात हजर व्हायची तारीख ९ एप्रिल, बुधवार. दाखला तोवर हाती येईल.

गुरुवार, १३ मार्च

अपूर्वचा फोन. एकोणतीसला देणगीदार संस्थेच्या बाई दिल्लीहून येणार आहेत. त्यांना 'सक्सेस स्टोरी' दाखवायची आहे. त्याने पन्नास स्लाइड केल्या आहेत. मी म्हटलं, माणसं दाखव रे, बाण आणि वर्तुळं कसली दाखवतोस.

फोन ठेवल्यावर सुचलं. आपल्याकडे कोणाचा सत्कार होतो? नगरसेवकाचा, डॉक्टरचा, साठी झालेल्या कोणाचाही. निवडून आला की सत्कार, पडला की पुन्हा उभा राहणार म्हणून सत्कार. पण एका गरीब परक्या माणसासाठी कोर्टात उभं राहून 'मी याची हमी घेतो' म्हणणाऱ्याला कोणी शाल घातल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट जामीन राहणं म्हणजे काहीतरी लपवायचं काम. ही लाज मोडली पाहिजे. उजेडात आणली पाहिजे. एक राघो व्यासपीठावर दिसला की उद्या दहा राघो पुढे येतील.

बऱ्याच दिवसांनी अंगात जुनं वारं शिरल्यासारखं वाटलं. बसल्या बैठकीला भाषण लिहून काढलं. मधु आतून म्हणाला, "कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, तुझी प्रस्तावना चालूच आहे." भात गिचका झाला.

शनिवार, २२ मार्च

सत्काराचं वर्गात सांगितलं. सगळ्यांना आवडलं. अपूर्वने लगेच फ्लेक्सचा मजकूर मागितला.

भावना थांबली होती. दाराजवळ मला म्हणाली, "बाई, हे नको. काकांना असलं आवडत नाय. ते गुपचूप येतील, सही करतील, जातील."

मी तिला समजावलं. विनय आणि भीती यांतला फरक सांगितला. चांगलं काम गुपचूप करावं लागणं हाच तर अन्याय आहे, हे सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "गावात नातीगोती असतात, बाई." मी म्हटलं, त्या नात्यागोत्यांसमोरच तर हे व्हायला हवं. मग ती चप्पल घालायला वाकली. पटवून दिल्याचं समाधान घेऊन मी निघाले.

राघोंना छापील निमंत्रण मी स्वतः कुरिअरने पाठवलं. सत्कारमूर्ती म्हणून नाव ठळक टाइपात.

शनिवार, २९ मार्च

झाला कार्यक्रम. देखणा झाला.

सभागृह भरलं होतं. वर्गातल्यांनी घरचे आणले होते, उद्या पाडवा म्हणून बायका नव्या साड्यांत. दाराशी फ्लेक्स, त्यावर राघोंचा फोटो. भावनाकडे मागितला होता, तिने दिला नाही. अपूर्वने कुठल्याशा मंडळाच्या फेसबुक पानावरून काढला. राघो पांढऱ्या कडक शर्टात आले, साठीच्या आतबाहेरचे. फ्लेक्ससमोर थांबले, खिशातून चष्मा काढून वाचला, पुन्हा खिशात ठेवला. मी पुढे होऊन नमस्कार केला. ते म्हणाले, "यवढा कशाला, बाई."

मी पंचवीस मिनिटं बोलले. अलीकडच्या काळात इतकं चांगलं बोलले नव्हते. जगनचं प्रकरण सांगितलं. कंत्राटदाराने एका गरिबावर आळ घेऊन स्वतःची बेपर्वाई कशी झाकली, हे सांगितलं. नाव घेतलं नाही, पण बांधकाम कोणतं ते सांगितलं. मग म्हटलं, या एका माणसाने धनाढ्याच्या बाजूला न जाता निर्धनाच्या बाजूला उभं राहायचं ठरवलं. सभागृह उभं राहिलं. शाल, श्रीफळ, गुच्छ. दिल्लीच्या बाईंनी राघोंचा हात हातात घेऊन इंग्रजीत काहीतरी म्हटलं, ते "हा, हा" म्हणाले. स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर होता, त्याने तीनदा नारळ द्यायला लावला.

दोन शब्द बोलायची विनंती केली तर राघोंनी हात जोडले. कार्यक्रम संपल्यावर नाश्ता न घेता निघाले. शाल घडी करून पिशवीत घातली होती.

भावना कार्यक्रमभर मागच्या दाराशी उभी होती. मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, "तुम्ही बोलता चांगलं, बाई."

मंगळवार, १ एप्रिल

बातमी आली. तिसऱ्या पानावर, फोटोसह. मथळा जरा भडक आहे, 'चोरीतील आरोपीला जामीन राहणाऱ्या भूमिपुत्राचा गौरव'. मी असं म्हटलं नव्हतं. कात्रण कापून ठेवलं.

बुधवार, ९ एप्रिल

राघो आले नाहीत.

मी साडेदहापासून ठाण्याच्या कोर्टात. शेवंती कामाची रजा टाकून आलेली, केसात गजरा. त्या गजऱ्याकडे बघवत नव्हतं. भावना आणि रतन हवालदार आळीपाळीने बाहेर जाऊन फोन लावत होते. एक वाजला. दुपारनंतर पुकारा झाला. वकील म्हणाले, जामीनदार हजर नाही, मुदत मिळावी. मिळाली. दीड मिनिट लागलं.

पायऱ्यांवर भावनाने सांगितलं, जणू बसची वेळ सांगते आहे अशा आवाजात. ज्याची केबल गेली तो कंत्राटदार राघोंचा व्याही. त्यांची मुलगी त्याच घरात दिली आहे. राघोंना हे पहिल्यापासून माहीत होतं. व्याह्यांना कळायचं कारण नव्हतं. कोर्टात कोण जातंय बघायला. पण बातमी त्यांच्या घरी वाचली गेली. कोणीतरी भाषणाचा व्हिडिओही पाठवला. मुलगी माहेरी आली आहे, म्हणजे पाठवली आहे. शेवंतीलाही राघोंच्या घरून निरोप आला, महिनाअखेर खोली सोड.

मी म्हटलं, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?

"सांगितलं होतं, बाई. नातीगोती असतात म्हणून."

हे काय सांगणं झालं? व्याही म्हणायला जीभ अडखळत होती का? मी रागावले, बरंच बोलले, तिथेच, पायऱ्यांवर. लोक बघत होते. शेवंती मधेच म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, चला," आणि ती हे भावनाला म्हणाली की मला, ते कळलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

राघोंच्या घरी जाऊन आले. एकटी.

ओटा मोठा आहे, फरशीचा. त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला, चहा आणवला. मी चाळीस मिनिटं बोलले. भीतीपुढे वाकलेला माणूस आणि भीतीसमोर ताठ उभा राहिलेला माणूस, इतिहास कोणाची आठवण ठेवतो, हे सांगितलं. आतल्या खोलीतून एक तरुण बाई लेकराला थोपटत होती, तिची थाप मधेच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. राघोंनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तुमी बोलता त्यान खोटा काय नाय, बाई. मी कोर्टान उबा रेलो असतू. कोनाला कललाबी नसता. तुमी मना गावान उबा केलाव."

मी म्हटलं, गावात उभं राहायला लाज का वाटावी?

ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. "लाज नाय. पोर हाय."

निघताना त्यांनी शालीची पिशवी माझ्या हातात दिली. नारळ फोडला गेला असावा, तो नव्हता. शेवंतीच्या खोलीबद्दल विचारलं तर म्हणाले, त्यात त्यांच्या हातात काही उरलेलं नाही.

रिक्षात बसल्यावर मला मनापासून संताप आला. एका केबलवाल्याच्या सोयरिकीपुढे कायदा, संविधान, माणुसकी सगळं लोटांगण घालतं. मी चौतीस वर्षं कोणाशी बोलत होते?

शनिवार, १२ एप्रिल

शेवटचं सत्र, प्रमाणपत्रवाटप. सहा जण. भावना आली नाही, रतन हवालदारही नाहीत.

अपूर्वने तिमाही अहवालाची प्रत दिली. चौथ्या पानावर चौकटीत जगन. 'प्रशिक्षणार्थींच्या प्रयत्नांमुळे कारागृहातून मुक्त झालेला लाभार्थी'. मी म्हटलं, अरे, तो अजून आत आहे. तो म्हणाला, "मॅडम, एकतीस मार्चला रिपोर्ट क्लोज करावा लागतो. तेव्हा सगळं ट्रॅकवर होतं ना."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो रडवेला झाला. पुढच्या अहवालात दुरुस्त करतो म्हणाला.

प्रमाणपत्रं वाटताना भावनाचं माझ्या हातात उरलं. तिच्या उपस्थितीची टक्केवारी कमी भरते, नियमाप्रमाणे देता येणार नाही, असं अपूर्व म्हणाला. ती अर्धी हजेरी मीच मांडली होती. मी ते प्रमाणपत्र पर्समध्ये टाकलं. का टाकलं माहीत नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

अटी शिथिल करून वैयक्तिक हमीवर सोडावं असा अर्ज मी स्वतः तयार केला आहे. चौदा पानं. वकील म्हणाले दोन पानं पुरतील. मी म्हटलं, दोन पानांत तुम्ही जगनला सोडवाल, प्रश्न सोडवणार नाही. ते म्हणाले, "बाई, आपण सध्या जगनलाच सोडवू या ना." माणसांची झेप किती छोटी असते. अर्ज त्यांनी ठेवून घेतला आहे. वाचतो म्हणाले.

भावना फोन उचलत नाही. 'नंतर करते' असा मेसेज येतो. नंतर करत नाही.

आज दुपारी जेवताना मधुला विचारलं, मी चुकले का? तो बराच वेळ ताकात चमचा फिरवत राहिला. म्हणाला, "तू विचारते आहेस की बोलायला सुरुवात करते आहेस?"

मी उठून गेले. नंतर वाटलं, उत्तर द्यायला हवं होतं.

शुक्रवार, ९ मे

सकाळी रतन हवालदारांना फोन केला. वकिलांचं 'वाचतो' अजून संपलेलं नव्हतं, पण चौदा पानी अर्जाला शेवंतीचं प्रतिज्ञापत्र जोडावं असं वाटत होतं, तिचा नवा पत्ता हवा होता. ते चाचरले. म्हणाले, आज कशाला, दुपारी त्या बाजूला पाणी येतं, सगळे त्यात असतात. मी आवाज चढवला तेव्हा दिला.

दिव्याच्या पूर्वेला, नव्या इमारतींच्या मागे, अजून रस्ता न झालेला भाग. दुपारचा दीड. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि बायकांची भांडणं टिपेला पोचली होती. जरा आत एक माणूस एकटाच दोन निळी पिंपं भरत होता. पस्तीसएक वर्षांचा, केस अगदी बारीक कापलेले, बनियन घामाने चिकटलेला. मी शेवंतीची खोली विचारली.

"कामावर गेलीय ती. काय काम होतं?"

जगनच्या केसचं, असं मी म्हटलं.

त्याने नळीवरची नजर काढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जगन मीच."

हे नाव मी फळ्यावर लिहिलं होतं. किमान आठ भाषणांत घेतलं होतं. त्याच्या बायकोच्या डोळ्यांवर मी चाळीस मिनिटं बोलले होते. आणि हा माणूस दिसतो कसा, हे मला आत्ता कळत होतं.

मी विचारलं, कधी सुटलात? म्हणाला, आज नववा दिवस. जामीन कोण राहिलं? त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "तुम्ही कोर्टाकडून का?"

नाही म्हटलं. वकिलांच्या ऑफिसातून.

त्यावर तो सैल झाला. भावनाताईची आजी, सखुबाई. म्हातारीच्या स्वतःच्या नावावर खाडीकडची थोडी जमीन आहे, मिठागरावरची जुनी. मुलांना न विचारता आली, हवालदारांनी रिक्षातून आणली, कोर्टात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवली. साहेबांनी विचारलं, आजी, याला ओळखता का. म्हणाली, याला नाय, याच्या बायकोला वळखतंय. तिने माझ्या ओट्यावर बसून महिनाभर सुकट निवडलीय. हे सांगताना जगन हसला. दात पुढे आहेत त्याचे.

"मुलाखतीला येत नव्हतात म्हणे," मी म्हटलं.

त्याने नळी पिंपात आणखी खोल सरकवली. "ती दर वेळी 'उद्या सुटशील' म्हणायची. ते ऐकवत नव्हतं."

पिंप भरत आलं होतं. त्याने मला नळी धरायला सांगितली आणि दुसरं पिंप सरकवलं. मी धरली. पाण्याचा जोर बराच होता, बाही भिजली.

"हे जामिनाचं कुठे बोलू नका हां," तो वाकूनच म्हणाला. "भावनाताईने शपथ घातलीय. ठाण्याला एक बाई आहेत, या लोकांना शिकवायच्या. बाई चांगल्या आहेत म्हणे, लई जीव तोडून बोलतात. पण त्यांना कळलं की सत्कार झालाच. म्हातारीच्या पोरांना अजून माहीत नाय."

मी म्हटलं, नाही बोलणार.

"काय कागद आणलेला तुम्ही?"

"आता लागणार नाही तो."

दुसरं पिंप भरेपर्यंत मी नळी धरून उभी राहिले. आणखी काहीतरी विचारावंसं वाटत होतं, विचारलं नाही. चहाला थांबा म्हणाला. घाई आहे, असं सांगून निघाले.

ऐकून घ्यायला लागलं ते बोचतं आहे. एक बाई. शिकवायच्या. मी इतकीही काही... हे वाक्य इथेच सोडते.

घरी आले तर मधुने ओल्या बाहीकडे पाहिलं. "भेटली का शेवंती?"

"घर सापडलं नाही."

तो बरं म्हणाला.

चार वाजता अपूर्वचा फोन. नव्या तिमाहीचा अहवाल करतो आहे, दिल्लीच्या बाई आवर्जून विचारत होत्या. "मॅडम, जगनचं काही कळलं का?"

"काही नाही."

"मग त्याला अजून आतच दाखवू?"

"दाखव," मी म्हणाले.